सागर-संशोधनाची वाट सिरोंच्यातून

सागरी जीवांच्या संशोधनात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी प्रशिक्षणार्थी म्हणून काम करावे, असा विषय निघाला की वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था किंवा रत्नागिरीचा किनारा डोळ्यांसमोर येतो. चंद्रपूर-गडचिरोलीचे नाव कोणी घेत नाही. अरण्यातल्या मुलांनी वाघ पाहावा आणि किनाऱ्यावरच्या मुलांनी समुद्र, अशी सोयीस्कर वाटणी आपण करून ठेवली आहे. निसर्गाला ती ठाऊक नाही.

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. हा केवळ भूगोलाचा धडा नव्हे, हा जलचरांचा मार्ग आहे. सापासारखा लांबट ईल मासा समुद्रात जन्मतो, कोवळ्या वयात नदीत शिरतो, वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी आयुष्यात एकदाच सागराकडे परततो. गोदावरीतील मोठ्या झिंग्याचेही काहीसे असेच आहे. तो वाढतो नदीत, पण त्याच्या पिलांना प्रारंभी मुखाजवळचे मचूळ पाणीच लागते. तेथून ती प्रवाहाविरुद्ध वर चढतात.

हा मार्ग आता मोकळा राहिलेला नाही. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा १८५२ साली पूर्ण झाला. सिरोंचा तालुक्याच्या सीमेवर मेडीगड्डाचा प्रचंड बंधारा २०१९मध्ये उभा राहिला आणि ऑक्टोबर २०२३मध्ये त्याचे खांब खचले. शेतकऱ्यांच्या बुडालेल्या जमिनींवर वाद झाला, खर्चावर राजकारण झाले. ते व्हायलाच हवे होते. परंतु प्राणहितेत ईल किती उरले, हे विचारणारा आवाज निदान प्रस्तुत लेखकाच्या तरी कानी आला नाही.

हे काम विद्यार्थ्यांचेच आहे. त्यासाठी संशोधन-नौका लागत नाही. आठवडी बाजारात आलेली मासळी पाहावी, लांबी-वजन घ्यावे, कोणत्या पात्रातून कोणत्या जाळ्यात ती आली हे तारखेसह नोंदवावे. भोई-ढिवर समाजातील वृद्धांना १९८६च्या महापुराआधी काय मिळत असे ते विचारावे. त्यांच्या स्मरणातील नदी अद्याप कुठल्याही दप्तरात आलेली नाही. २०११मध्ये खास या दोन जिल्ह्यांसाठी स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाला याहून अनुरूप विषय कोणता?

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अशा प्रत्यक्ष कामाला अभ्यासक्रमात स्थान दिले, हे स्तुत्यच. मात्र व्यवहारात पुष्कळदा एक प्रमाणपत्र आणि एक शिक्का एवढेच हाती उरते. त्यातही संशोधन-शिबिरासाठी विद्यार्थ्यानेच शुल्क भरावे, ही रीत रूढ होत आहे! भामरागड वा एटापल्लीच्या वनवासी मुलाने ते कोठून आणावे? शिबिरे भरतात उन्हाळी सुटीत, आणि तोच तेंदूपत्त्याचा हंगाम. त्या दिवसांतील मजुरीवर घरचा पावसाळा निघतो. मुलगा कोकणात गेला तर प्रवासखर्च होतोच, शिवाय घरातला एक हात कमी होतो. मग ‘या भागातील मुलांना संशोधनाची आवड नाही’ असा निष्कर्ष काढायला आपण मोकळे.

कोकणातील वेळासचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून तेथे कासवांची घरटी राखण्याचे काम ग्रामस्थांना सोबत घेऊन उभे केले. वाळूवरचा माग ओळखणारा गावकरी तेथे संशोधनाचा भागीदार ठरला. जंगलात माग काढतच वाढलेल्या आपल्या मुलांना ही विद्या परकी नाही.

म्हणून विद्यापीठाने मात्स्यिकी संस्थेशी करार करावा, किमान तेंदू हंगामातील मजुरीइतके मानधन द्यावे आणि माहितगार भोयालाही मार्गदर्शक म्हणून मानधन द्यावे. निवडक विद्यार्थी पुढे गोदावरीच्या मुखापर्यंत जातील. पहिली नोंदवही मात्र सिरोंच्याच्या मासळी बाजारात येत्या सत्रातच उघडता येईल.