आपले पत्ते आपण सांभाळायचे

पोकर खेळणाऱ्या मंडळींचं एक लाडकं वाक्य आहे. "आपले पत्ते आपण सांभाळायचे." डीलरने घोळ घातला, कुणाचा तरी डाव हकनाक गेला, की टेबलाभोवतीचे बाकीचे सगळे माना डोलावत हेच म्हणतात. वाक्य खोटं नाही. पण ते ज्या वेळी आणि ज्या सुरात म्हटलं जातं, त्यावरून मला भांडायचं आहे.

सत्तरी उलटलेल्या मराठीच्या बाईंना पोकरशी काय करायचंय, असं तुम्ही म्हणाल. तर आमची मुलगी आणि जावई कॅलिफोर्नियात असतात. जावई महिन्यातल्या एखाद्या शनिवारी तिथल्या कार्डरूममध्ये खेळायला जातात. (पैसे ठरवून नेतात, संपले की घरी. त्याबद्दल माझी तक्रार नाही.) मी तिकडे सहा महिने होते. नेलेली पुस्तकं वाचून संपली, तेव्हा त्यांच्याकडची नियमांची बाडं वाचायला घेतली. जन्मभर व्याकरण शिकवलेल्या माणसाला नियम वाचायला आवडतात, काय करणार! आणि मग रोज जेवताना आमचे वाद सुरू झाले.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात. मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं उघडली जातात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक, आणि दर टप्प्याला पैसे लावायचे. पिसणं, वाटणं, पैसे मोजणं हे सगळं डीलर करतो. तो कॅसिनोचा नोकर, स्वतः खेळत नाही. तासाला पंचवीस-तीस डाव वाटायचे, वर लोकांची तोंडं सांभाळायची, कारण कमाईचा बराच भाग खेळाडूंच्या बक्षिशीवर. माणूस आहे, चुकणारच.

या चुकांसाठी केलेले काही नियम तर मोठे सुंदर आहेत. समजा, पैसे लावणं पुरं व्हायच्या आत डीलरने चौथं पान उघडलं. तर ते पान बाजूला ठेवायचं. पैसे लावून झाले की एरवी जे पाचवं आलं असतं ते पान चौथ्याच्या जागी मांडायचं. ती फेरी संपली की बाजूचं पान उरलेल्या गड्डीत घालून पुन्हा पिसायचं आणि मग शेवटचं पान काढायचं. म्हणजे चुकून दिसलेल्या पानालाही परत यायची संधी! इथे कुणी खेळाडूला म्हणत नाही, की बाबा रे, तू लक्ष का नाही दिलंस? चूक डीलरची, आणि तिचा भार सगळ्यांवर सारखा.

पण तीच चूक एकट्यादुकट्याच्या पानांबाबत झाली की सूर बदलतो. २००९ साली लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये, दहा हजार डॉलर प्रवेशमूल्याच्या मुख्य स्पर्धेत, एस्टेल डेनिस या फ्रेंच टीव्ही निवेदिकेच्या हातात दोन एक्के होते. दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात, म्हणजे सात-आठ तास बसावं तेव्हा एकदा. डीलरने तिची पानं ओढली आणि टाकलेल्या पानांच्या ढिगात सारली. डाव गेला. पानांवर एखादी चिप ठेवली असती तर वाचली असती, हे खरं. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन नावाची संस्था २००१ साली स्थापन झाली, तिचे नियम आज जगभर चालतात. त्यात स्पष्ट म्हटलंय की सांभाळून न ठेवलेली पानं डीलरने चुकून मारली आणि नक्की कोणती ते ओळखता आलं नाही, तर दाद नाही. तुम्ही वाढवलेल्या ज्या पैशांना कुणी उत्तर दिलं नसेल, तेवढे परत मिळतात. बस्स.

या नियमाला कारण आहे, आणि ते मला पटतं. कॅसिनो भरपाई देऊ लागलं, तर डीलरचा मित्र टेबलावर बसेल, त्याची भिकार पानं ढिगात जातील आणि तो छाती बडवेल, "माझे दोन एक्के होते हो!" कोण खरं-खोटं करणार? तेव्हा नुकसान खेळाडूने सोसायचं, ठीक आहे. पण सोसायला लागणं वेगळं आणि दोषी असणं वेगळं. पावसात छत्री विसरलेला माणूस भिजतो, म्हणून पाऊस त्याने पाडला असं होत नाही. टेबलावर मात्र दोन्हींची गल्लत होते, आणि ती सगळ्यांच्याच सोयीची असते. कार्डरूम दर डावामागे ठरावीक फी कापून घेते, ती कशाची? नीट वाटण्याचीच ना? मग चूक झाल्यावर निदान "आमचं चुकलं" एवढं म्हणायला काय हरकत आहे? तेही खेळाडूलाच ऐकवायचं?

दुसरा नियम मात्र मला मुळीच मान्य नाही. समोरच्याने किती पैसे लावलेत हे पाहण्याची जबाबदारी उत्तर देणाऱ्याची. इथवर ठीक. पण तुम्ही डीलरला विचारलंत, त्याने मोजून चुकीचा आकडा सांगितला, तुम्ही तो खरा मानून हो म्हणालात, तरी खरी रक्कम तुमच्याच गळ्यात! आमच्या जावयांचं असंच झालं. डीलर म्हणाला ११५, निघाले २१५. मोठी चिप छोट्यांच्या आड राहिली होती. ११५ ला ते गेले असते, २१५ ला गेले नसते. द्यावे लागले. शेजारचा म्हणाला काय, तर आपण नीट बघावं!

आता इथे ढिगात हरवलेली पानं नाहीत, की खोटं बोलायला जागा नाही. आकडा सगळ्या टेबलाने ऐकलेला. जो मोजायला नेमला आहे त्याला विचारणं हीच तर सावधगिरी झाली. पोस्टातल्या काउंटरवरच्या माणसाने तिकिटाचे पैसे चुकीचे सांगितले, तर रांगेतल्या म्हातारीने टपालाचे दर पाठ करायला हवे होते काय? त्याच संस्थेचा पहिला नियम सांगतो की खेळाचं हित आणि न्याय सर्वांत वर, प्रसंगी कलमापेक्षा साधी समज मोठी. मग ती समज इथे का वापरत नाहीत?

असो. पण माझा खरा राग पंचांवर नाहीच. तो या वाक्याच्या भक्तांवर आहे. खेळाडूची जबाबदारी म्हणता ना? मग ती पुरी घ्या. डीलरने पानं चुकीची वाचली आणि ढीगभर चिप्स भलत्याच माणसाकडे सरकवल्या, तर डावात असलेल्या-नसलेल्या कुणीही बोलावं, हेही नियमातच लिहिलंय. चालू डावात दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही, हे खरं. पण पानं उघडी पडल्यावर बोलायला बंदी नाही, उलट सांगितलेलंच आहे. हे कलम मात्र कुणाला आठवत नाही. कुणाही शिक्षकाला विचारा. बेरजेत दोन गुण कमी पडले, तर मूल पेपर घेऊन टेबलापाशी हजर. दोन जास्त पडले, तर पेपर घडी होऊन दप्तरात. मुलांचं मी समजू शकते. पन्नाशीची माणसं तेच करतात आणि त्याला खेळातलं कौशल्य म्हणतात, तेव्हा राग येतो. वर डीलरवर ओरडायला पुढे हेच. आपल्याविरुद्ध चुकला की तो गाढव, आपल्या बाजूने चुकला की "खेळाचा भाग आहे".

जावयांना मी सरळ विचारलं, "२१५ चे ११५ मोजले, तेव्हा चिप्स लावणाऱ्याला आकडा माहीत नव्हता का?"

"माहीत असणारच, आई."

"मग तो का नाही बोलला?"

"त्याने का बोलावं?"

मुलगी म्हणाली, आता जेवा, भात निवतोय.