शनिवारी घाणा बंद

इस्रायलचा विषय निघाला की आपल्या पारनेर तालुक्यात दोन गोष्टी एका दमात बोलल्या जातात. पहिली कौतुकाची: ठिबक त्यांनी आणलं, वाळवंटात पिकं घेतली, शिकावं तर त्यांच्याकडून. दुसरी हसण्याची: तिथले धार्मिक लोक शनिवारी लिफ्टचं बटण दाबत नाहीत आणि दार उघडल्यावर फ्रीजमधला दिवा लागू नये म्हणून शुक्रवारीच तो काढून ठेवतात. एवढे हुशार लोक आणि असला खुळेपणा, असा शेरा मारला की चर्चा संपते. हा शेरा चुकीचा आहे, आणि सुप्यात राहणाऱ्या माणसाने तर तो मुळीच मारू नये. सुप्यात सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, नाही. सर्वांत जवळची म्हणजे पुण्याचं लाल देऊळ आणि रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो. पण आपल्या एमआयडीसीत घराघरांत जाणारी यंत्रं तयार होतात, कॅरिअर मिडियाचा कारखाना इथेच आहे. घरात आलेल्या यंत्राने किती वेळ बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हा प्रश्न आपल्यालाही पडायला हवा.

पहिला आक्षेप असा की शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा शनिवारचा विसावा, पाळणं म्हणजे तंत्रज्ञानाला विरोध. कर्मठ यहुदी घरात शनिवारी फ्रीज चालू असतो, उन्हाळ्यात एसी चालू असतो, दिवेही लागतात. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत सगळं लावून ठेवलेलं असतं, टायमर वेळेवर दिवा मालवतो. माणसाचा हात मात्र त्या दिवशी बटणाला लागत नाही. जुन्या फ्रीजमध्ये फक्त दिव्याचाच प्रश्न होता. आताच्या फ्रीजचं दार उघडलं की सेन्सरला कळतं, पडद्यावर आकडे उमटतात, दार उघडं राहिलं तर भोंगा वाजतो. म्हणून काही कंपन्या शब्बाथसाठी वेगळी सोय देतात. ती सुरू केली की दिवा, पडदा आणि भोंगा तिन्ही बंद राहतात आणि थंडावा तेवढा चालू राहतो. जेरुसलेमचे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, श्लोमो झलमन ऑयरबाख यांनी 1935 साली विजेवर एक अख्खा ग्रंथ लिहिला. विजेचा प्रवाह अग्नी मानावा का, दिव्याची तापलेली तार आणि नुसती वाहणारी वीज यांत फरक करावा का, असे प्रश्न त्या काळातल्या धर्मचर्चेत बारकाईने तपासले गेले. यंत्राचा द्वेष करणारा माणूस इतक्या आत शिरत नाही. आपण फोन विकत घेताना त्याच्या कॅमेऱ्याची जेवढी चौकशी करतो, तिच्या दहाव्या हिश्शाइतकीही तो फोन आपल्या घराचं काय करील याची करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही सगळी पळवाट आहे. बटण दाबायचं नाही, पण प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबणाऱ्या लिफ्टमध्ये चढायचं, हा देवाला फसवण्याचा प्रकार झाला. इस्रायलमध्ये 2001 साली तर कायदाच झाला, एकापेक्षा जास्त लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीत एक तरी अशी लिफ्ट हवी. हा आक्षेप घेणारे गृहीत धरतात की शब्बाथ म्हणजे अंगाला कष्ट न देणं. मिश्ना या यहुदी धर्मग्रंथात त्या दिवशी वर्ज्य असलेली 39 कामं मोजली आहेत: पेरणं, नांगरणं, दळणं, विणणं, लिहिणं, आग पेटवणं अशी. जगात भर घालणारी, जग बदलणारी ही कामं आहेत. सहा दिवस ती करायची आणि सातव्या दिवशी हात थांबवायचा, जग आहे तसं राहू द्यायचं. आठव्या मजल्यावरची म्हातारी स्वतःहून थांबणाऱ्या लिफ्टने खाली आली आणि प्रार्थनेला गेली, तर यातलं काय मोडलं? तिचा दिवस तिला पाळता आला. आणि जीव वाचवायची वेळ आली की फोन उचलणं, गाडी काढणं हे नुसतं चालतं असं नाही, ते करावंच लागतं. नियम मोडायची वेळ कोणती हे ज्या नियमातच लिहिलंय, त्याला आंधळा म्हणता येणार नाही.

प्रत्येक सोय तिथे डोळे मिटून स्वीकारली जाते असंही नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत वल्हांडण हा यहुद्यांचा सण आला. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना सणाच्या जेवणात व्हिडिओ कॉलवरून सामील होता यावं, अशी मुभा मोरोक्कन परंपरेतल्या काही रब्बींनी दिली. इतरांनी जोरदार विरोध केला. त्या वादात मी मुभा देणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पण विरोधकांची भीतीही खरी होती: एकदा पडदा पानाशेजारी येऊन बसला की तो उठत नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे हे सगळं परक्या देशातलं, आपला काय संबंध. इथे मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण संबंध फार जुना आणि अस्सल मराठी आहे. कोकणात अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल या मराठी यहुदी समाजाचे पूर्वज गलबत फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते किनारपट्टीच्या गावांत पसरले, रोहेकर, पेणकर, नवगावकर झाले, मराठी बोलू लागले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. त्यांचे ग्रंथ हरवले होते, प्रार्थनांपैकी शमा तेवढी तोंडी राहिली होती. शनिवारी घाणा मात्र बंद असे. गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली.

घाणा हे त्या काळातलं घरगुती यंत्रच. खोबरं असो की तीळ, गावाला रोज तेल लागे. आठवड्यातला एक दिवस घाणा बंद म्हणजे सातव्या हिश्शाचा धंदा गेला, गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे जाण्याची शक्यता आली. त्या गरीब माणसांनी शतकानुशतकं ही किंमत मोजली. घाण्याला जुंपलेला बैलही त्या दिवशी मोकळा असणार, कारण दहा आज्ञांमधली शब्बाथची आज्ञा मालकाबरोबर नोकराला आणि गुराढोरांनाही विश्रांती देते. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

याच घरांत नवी यंत्रंही आनंदाने आली. 1846 साली मुंबईत हग्गादा ही वल्हांडणाची पोथी हिब्रू-मराठीत शिळाप्रेसवर छापली गेली आणि वल्हांडणाची कथा मराठी बोलणाऱ्या घरात मराठीतून वाचता येऊ लागली. मांसाच्या जेवणात दूध चालत नाही, म्हणून बेने इस्रायली स्वयंपाकात नारळाचं दूध लागतं. खवणी, पाटा आणि पिळण्याची मेहनत मिक्सरने वाचवली. किद्दूशच्या, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या, सरबतासाठी काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या, हे सगळं शुक्रवारी दिवस मावळायच्या आत. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष जमवावे लागतात. रायगडच्या जुन्या सिनेगॉगांत हे आता अवघड झालंय, कारण बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अशा वेळी फोन उपयोगी पडतो, माणसं गोळा करता येतात. पण कर्मठ नियमाप्रमाणे दहा जण एका जागी हजर असावे लागतात, पडद्यावरचा दहावा चेहरा त्यात मोजला जात नाही. मला ही अट योग्य वाटते.

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो शिकलेल्या माणसांचा असतो: ज्याने त्याने स्वतःपुरतं ठरवावं, समाजाने नियम कशाला करायचा? एकट्याने फोन बंद ठेवून बघा. कामाचा गट चालू असतो, पाहुण्यांचा गट चालू असतो, उत्तर दिलं नाही तर रुसवा येतो. सगळे थांबले तरच एकाला थांबता येतं. गिरणी कामगाराची सुट्टीही अशीच मिळाली. नारायण मेघाजी लोखंड्यांनी रविवारची सुट्टी मागितली तेव्हा खंडोबाच्या वाराचा दाखला दिला, आणि 10 जून 1890 ला ती सर्वांना एकदम मिळाली. एकेकट्या कामगाराला ती कुणी दिली नसती. आपल्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असं ठरवलं, म्हणून तिथल्या विहिरींना पाणी राहिलं. एकट्या शेतकऱ्याने बोअर न घेऊन काय झालं असतं? शेजाऱ्याने घेतलीच असती. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली, मुलं अभ्यासाला बसावीत म्हणून.

नियम समाजाच्या हातात गेला की त्याचा जाच होऊ शकतो, हे मान्य केलंच पाहिजे. इस्रायलच्या अतिकर्मठ वस्त्यांत रब्बींनी मंजूर केलेलेच फोन वापरावेत असा दबाव असतो आणि त्यांवरून कोणता क्रमांक लागावा, कोणता लागू नये, हेही तेच ठरवतात. संकटातल्या बाईला मदतीचा रस्ता बंद होईल असा कुठलाही नियम मला मान्य नाही. सगळ्यांसमोर मांडलेला, बायकांनाही बदलता येणारा आणि नको असेल त्याला बाहेर पडता येणारा नियम असेल, तरच मी त्याची बाजू घेईन.

सुप्यात वडगावचा भोंगा जसाच्या तसा चालणार नाही. इथे तीन पाळ्यांत कारखाने चालतात, संध्याकाळी सातला कुणी घरी येतो तर कुणी कामावर निघतो. म्हणून फोन-टीव्ही बंद ठेवायची वेळ कोणती, रोज की आठवड्यातून एकदा, रात्रपाळीच्या घरांचं काय, दवाखान्याचा आणि अडचणीतला फोन कसा चालू ठेवायचा, हे प्रश्न ग्रामसभेत एकेक करून मांडावे लागतील. महिलांची सभा आधी घ्यावी आणि तिचा ठराव मुख्य सभेपुढे ठेवावा, अशी माझी मागणी आहे.