स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा : कुटुंबीयांचे कोण ऐकणार?

देशातील साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्ती, म्हणजे या वयोगटातील ७.४ टक्के, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने मांडला. २०३६ पर्यंत ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असेही त्यात म्हटले आहे. यांतील बहुतेकांची शुश्रूषा घरीच, प्रामुख्याने पत्नी, सून वा मुलीच्या हातून होते. ते झेपेनासे झाले आणि ऐपत असली, तर कुटुंबे बेंगळूरु, कोची, पुणे यांसारख्या शहरांतील खासगी निवासी केंद्रांकडे वळतात.

तेथील जीवनाची गुणवत्ता ठरवायची कशी? खाटा, कॅमेरे व स्वच्छता तपासणे सोपे असते. कुटुंबीयांची कसोटी निराळी असते. आई-वडिलांशी त्यांच्या भाषेत कोणी बोलते का, सांगता न येणारी वेदना ओळखली जाते का, शांत ठेवण्यासाठी विनाकारण औषधे दिली जातात का, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. ही उत्तरे सेवकांची संख्या, त्यांचे प्रशिक्षण आणि नोकरीतील स्थैर्य यांवर अवलंबून असतात.

मात्र कुटुंबीयांचे मत म्हणजे रुग्णाचे मत नव्हे. दोघांनाही तेच प्रश्न विचारले असता आप्त बहुधा रुग्णापेक्षा कमी गुण देतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. आप्तांच्या मनात पूर्वीचा माणूस असतो, शिवाय स्वतःचा थकवा आणि अपराधभावही त्या मोजमापात उतरतो. म्हणून जोवर शक्य आहे तोवर रुग्णालाही विचारले पाहिजे.

धोरणात यातले फारसे काही दिसत नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निवासाची तरतूद सुचवतो. स्मृतिभ्रंशाच्या विशेष शुश्रूषेचे निकष त्यात नाहीत. २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना लागू झालेली आयुष्मान भारत योजना रुग्णालयातील उपचारांचा खर्च उचलते. वर्षानुवर्षांची दैनंदिन शुश्रूषा तिच्या कक्षेबाहेर राहते.

परिणामी असमाधानी कुटुंबही गप्प बसते, कारण तक्रार केली आणि केंद्राने रुग्णाला परत नेण्यास सांगितले, तर न्यायचे कोठे? केंद्रांची सक्तीची नोंदणी, तपासणी अहवालांची जाहीर प्रसिद्धी आणि तपासणीत रुग्ण व आप्त या दोघांच्या साक्षीला स्थान, एवढे तरी राज्य सरकारांनी करावे. तक्रारदाराच्या रुग्णाला काढून टाकता येणार नाही, हे संरक्षण त्यात प्रथम हवे.