करारात न मावणारे कुटुंब

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठविण्याचा संकल्प जाहीर झाला. परिचारिका, वीजतंत्री, नळ-कारागीर, वाहनचालक, स्वयंपाकी अशा व्यवसायांची यादी निघाली. जर्मन भाषेच्या वर्गांची जबाबदारी शालेय शिक्षण विभागाकडे आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जर्मनीचे तत्कालीन चॅन्सेलर ओलाफ शोल्झ दिल्लीस आले, आणि कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचा निर्णय त्यांच्या सरकारने सांगितला. स्वागताचे लेख आले, सत्काराचे हार पडले. या जल्लोषात एक साधा प्रश्न मागे राहिला : जो माणूस पाठवायचा आहे, त्याच्या घराचे काय?

'मनुष्यबळ' हा शब्दच मोठा सोयीचा आहे. मोटारीची अश्वशक्ती मोजावी तसे तो माणसाचे बळ मोजतो. बळाला सासू नसते, नवरा नसतो, चौथीत शिकणारी मुलगी नसते. माणसाला हे सारे असते. म्हणूनच ज्या योजनेत मोजणीचे एकक 'उमेदवार' असते, त्या योजनेत उमेदवारामागचे कुटुंब हिशेबाबाहेर पडते आणि त्याच्या स्थलांतराचा सारा भार खाजगी होतो. पाठविण्याचे श्रेय शासनाचे, कामाचा लाभ जर्मन रुग्णालयाचा, आणि रुजण्याचा खर्च मात्र त्या घराचा! या वाटणीत न्याय कुठे आहे, हे शासनाने सांगावे.

कोल्हापुरातील शिवाजी पेठेत निवृत्ती चौकाच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या सामान्य घराची कल्पना करावी. पत्नी प्रशिक्षित परिचारिका, पण नोकरी कंत्राटी. पती उद्यमनगरात वीस वर्षे लेथवर राबलेला. मुलगी नऊ वर्षांची. सासू मधुमेहाने थकलेली. अशा घरातील स्त्रीने दीड-दोन वर्षे रात्रपाळी सांभाळून जर्मन भाषा शिकावी, परीक्षा द्यावी आणि स्टुटगार्टला जावे. तेथे पोहोचताच ती परिचारिका ठरत नाही. तिच्या येथील शिक्षणाला तेथील मान्यता मिळेपर्यंत, आवश्यक ती भाषा-पातळी गाठेपर्यंत आणि पूरक प्रशिक्षण वा परीक्षा पार पडेपर्यंत ती साहाय्यक म्हणून, साहाय्यकाच्या वेतनावर काम करते. कुटुंबास बोलावण्यासाठी मात्र तिला पुरेसे उत्पन्न दाखवावे लागते. मोठ्या पगाराच्या संगणक-अभियंत्याला 'ब्ल्यू कार्ड' मिळते, आणि त्याच्या जोडीदाराला येण्यापूर्वी जर्मन भाषेची परीक्षाही द्यावी लागत नाही. ज्याच्यापाशी पैसा अधिक, त्याच्या घराला दार रुंद. ज्याचा पगार तुटपुंजा, त्याच्या घराला तेच दार अरुंद. वर्गभेदाचा धडा पुस्तकात शोधण्याची गरज नाही. तो व्हिसाच्या अर्जावरच छापलेला आहे.

पुढे घराचा प्रश्न येतो. जर्मन शहरात राहावयास गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर-कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, आणि त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो. या नोंदीवर कर-क्रमांक अवलंबून, आणि पुढची बहुतेक कागदपत्रे याच पत्त्याच्या आधाराने होतात. थोडक्यात, घर नाही तर माणूस कागदावर नाही. स्टुटगार्ट हे मोटारउद्योगाचे शहर. तेथील घरभाडी जर्मनीतील चढ्या भाड्यांत गणली जातात. अनामत म्हणून मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत रक्कम मागण्याची मुभा कायद्यानेच घरमालकाला दिली आहे. शिवाजी पेठेतील घराने ही रक्कम आणावी कोठून? उत्तर ठरलेले आहे : पतसंस्थेचे कर्ज, स्त्रीधन गहाण, नाहीतर भावाच्या वाटणीचा तुकडा.

पतीची कथा निराळी. त्याचा हात लेथवर बसलेला आहे. कानाने आवाज ऐकून यंत्राचा दोष सांगणारा तो कारागीर आहे. परंतु कोल्हापूरच्या कारखान्यांत त्याच्यासारखे असंख्य कामगार उस्तादाच्या हाताखाली शिकले, प्रशिक्षण संस्थेत नव्हे. जर्मनीत कारागिरीला प्रतिष्ठा आहे, पण ती प्रमाणपत्राच्या द्वारे येते. वीस वर्षांच्या अनुभवाचा कागद कोणी दिला नाही म्हणून हा माणूस परक्या शहरात गोदामातला हमाल होतो. ज्या शासनाला जर्मनीशी करार करता येतो, त्याला उद्यमनगरातील कामगाराचे कौशल्य तपासून त्याच्या हाती मान्य होईल असा दाखला देता येऊ नये काय?

मुलीचा प्रश्न सर्वांत नाजूक. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये प्राथमिक शिक्षण चौथीत संपते, आणि साधारण दहाव्या वर्षी मुलांच्या वाटा फुटतात : काही विद्यापीठाकडे नेणाऱ्या 'गिम्नाझियम' शाळेत, इतर व्यवसायाकडे झुकणाऱ्या शाळांत. पुढे वाट बदलता येते, हे खरे. पण ते सोपे नसते. नवव्या वर्षी मराठी शाळेतून उठून गेलेल्या मुलीला वर्षभरात परकी भाषा आत्मसात करून जर्मन मुलांच्या बरोबरीने उतरावयाचे असते. ती मागे पडली तर दोष तिच्या बुद्धीचा मानला जाईल. वस्तुतः तो वेळापत्रकाचा असेल. आणि सासू? कुशल कामगाराच्या आईवडिलांना व सासूसासऱ्यांना बोलावण्याचे दार मार्च २०२४ पासून किलकिले झाले आहे. परंतु त्यांचा निर्वाह आणि आरोग्यविमा यांची हमी द्यावी लागते. मधुमेही वृद्धेचा विमा साहाय्यक परिचारिकेच्या वेतनात बसत नाही. ती पेठेतच राहते, शेजाऱ्यांच्या भरवशावर.

कोणी म्हणेल, या अडचणी नव्या देशात जाणाऱ्या प्रत्येकालाच येतात. त्यांचा एवढा बाऊ कशाला? याचे उत्तर जर्मनीच्याच इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कामगारांची टंचाई पडली तेव्हा पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानाशी भरतीचे करार केले. या कामगारांना नाव मिळाले 'पाहुणे कामगार'. पाहुणा काही दिवस राहून परत जातो, ही त्यामागची अपेक्षा. तुर्कस्तानाशी झालेल्या मूळ कराराने मुक्काम दोन वर्षांपुरता ठेवला होता. कुटुंब आणण्याची तरतूद त्यात नव्हती. ऑगस्ट १९७३ मध्ये कोलोन येथील फोर्ड कारखान्यात तुर्की कामगारांनी उत्स्फूर्त संप पुकारला. ठिणगी कशाने पडली? उन्हाळी सुटीवरून उशिरा परतलेल्या सुमारे तीनशे तुर्की कामगारांना कारखान्याने काढून टाकले, त्याने. दूर अनातोलियातील घरी जाऊन बायकामुलांना भेटून परतावयास ती सुटी पुरत नव्हती. संपाच्या मुळाशी वेतन होते, कामाचा वेग होता, आणि तितक्याच खोलवर घरापासून तोडलेला माणूस होता. पोलिसांनी संप मोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीने भरतीच बंद केली. एकदा बाहेर पडलो तर परत प्रवेश नाही, हे कामगारांनी ओळखले. तेव्हा त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. अशा रीतीने भरती थांबल्यावर कुटुंबे आली, आणि त्यांच्यासाठी ना घरे तयार होती, ना शाळा. त्या बेफिकिरीची किंमत पुढच्या पिढीतील मुलांनी चुकवली.

भारतीयांचा अनुभवही याहून फार निराळा नाही. १९६० च्या दशकात केरळातील तरुणी चर्चच्या मध्यस्थीने पश्चिम जर्मनीच्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेल्या. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील गरज ओसरली, तेव्हा काही राज्यांनी त्यांचे परवाने वाढवून देण्यास नकार दिला आणि अनेकींना परतावे लागले. ज्यांचे पती मागून तेथे गेले, त्या पतींना सुरुवातीची वर्षे काम करण्याची मुभा नव्हती. 'गरज असेपर्यंत हवे, गरज सरली की नको' हा व्यवहार यंत्राशी शोभतो. तो माणसांशी झाला. आज वातावरण बदलले आहे, कायदे पुष्कळ उदार झाले आहेत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण त्याच जर्मनीत फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत परकीयविरोधी पक्ष वीस टक्क्यांहून अधिक मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला, हेही विसरता येत नाही. युरोपीय संघाबाहेरील परदेशी माणसाला तेथे नगरपालिकेच्या निवडणुकीतही मत नाही. मत नसलेल्या माणसाचे संरक्षण करावयाचे ते करारानेच.

'महाराष्ट्राने तरुणांना अडवावे काय?' असा सवाल या टीकेवर हमखास टाकला जातो. मुळीच नव्हे. जग पाहण्याचा अधिकार श्रीमंतांच्या मुलांपुरता नाही. डॉ. राममनोहर लोहिया बर्लिनला गेले, जर्मन शिकले आणि मिठाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून परतले. परकी भाषा शिकल्याने त्यांचा स्वाभिमान कमी झाला नाही. प्रश्न जाण्याचा नाही, कोणत्या अटींवर जावे याचा आहे. आणि त्याआधी आणखी एक प्रश्न आहे : येथे राहणे शक्य असते तर ही परिचारिका गेली असती काय? सप्टेंबर २०२३ मध्ये याच राज्याने नऊ खाजगी संस्थांमार्फत शासकीय सेवेत कंत्राटी भरती करण्याचा निर्णय काढला होता. तरुणांचा संताप पाहून ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. त्याच सुमारास राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचारी कायम होण्यासाठी संपावर होते. चार महिन्यांनी शासन 'परदेशी रोजगाराची संधी' घेऊन आले. घरात कायम नोकरी नाकारावयाची आणि परदेशचा रस्ता दाखवावयाचा, याला निवडीचे स्वातंत्र्य म्हणता येणार नाही.

कोल्हापूरकरांना तर याबाबतीत कोणाकडून शिकण्याची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी खेड्यापाड्यांतील मुलांना शिक्षणासाठी शहरात आणावयाचे ठरविले तेव्हा केवळ शाळेचे दार उघडून ते थांबले नाहीत. परक्या गावात मुलगा राहील कोठे, जेवेल काय, त्याला आपले म्हणणारे कोण, हे प्रश्न त्यांनी राज्याचे मानले. १९०१ पासून एकामागून एक जातीधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करताना त्याचा खर्चही राज्याने उचलला. शिवाजी पेठेतील न्यू कॉलेज चालविणाऱ्या संस्थेच्या नावात आजही 'बोर्डिंग हाऊस' हे शब्द आहेत. ते शोभेचे नाहीत. माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावयाचे तर त्याच्या राहण्याची व्यवस्था आधी करावी लागते, ही एका संस्थानाला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आहे. ती लक्षावधी कोटींच्या अंदाजपत्रकाच्या राज्याला कळू नये?

इच्छा असली की सरकारला सारे जमते, याचाही पुरावा आहे. मे २०१७ पासून भारत व जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे. कंपनीने ठराविक मुदतीसाठी पाठविलेल्या कर्मचाऱ्याला दोन्ही देशांत वर्गणी भरावी लागू नये, अशी तरतूद त्यात आहे. कंपन्यांचा दुहेरी खर्च वाचविण्यास राजनैतिक शिष्टाई उपलब्ध होते. मग परिचारिकेच्या मुलीच्या भाषावर्गासाठी ती का होऊ नये? केरळने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेशी थेट करार करून परिचारिकांची भरती शासकीय संस्थेमार्फत, त्यांच्याकडून शुल्क न घेता सुरू केली. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नियम नोंदणीकृत दलालाला तीस हजार रुपये व त्यावरील करापर्यंत शुल्क घेऊ देतात. जी वाट केरळात विनाशुल्क होऊ शकते, ती महाराष्ट्रात दलालाच्या दुकानातून जाण्याचे कारण नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. भाषाशिक्षण, कागदपत्रांचे भाषांतर, मान्यता आणि प्रवास यांचा एकही रुपया उमेदवाराच्या कर्जातून जाऊ नये; तो मालकाने किंवा दोन्ही शासनांनी द्यावा. घराची अनामत मालकाने भरावी आणि निवासाची लेखी हमी निघण्यापूर्वी मिळावी. मान्यतेच्या मुदतीतही पती, पत्नी व मुलांना येता यावे, यासाठी शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्गशी पुन्हा बोलणी करावीत. जाणाऱ्या मुलांसाठी येथेच जर्मनचे वर्ग काढावेत आणि तेथे त्यांना शाळेत अतिरिक्त भाषासाहाय्य मिळेल असे करारात लिहून घ्यावे. कामगारांची कौशल्ये येथेच तपासून प्रमाणित करावीत. जाणाऱ्या प्रत्येकाला तेथील कामगार संघटनेचा पत्ता प्रशिक्षणातच द्यावा. १९७२ पासून परदेशी कामगारालाही कारखान्याच्या कामगार-परिषदेवर निवडून येण्याचा अधिकार जर्मन कायद्याने दिलेला आहे, हे त्याला निघण्यापूर्वी ठाऊक असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे : किती उमेदवार गेले एवढ्यावर न थांबता, किती कुटुंबे एकत्र आली, किती माणसे कर्जबाजारी होऊन परतली, याचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा.

हा अहवाल मागण्याची पहिली जबाबदारी विरोधी बाकांवरील पक्षांची आहे, आणि ते विसरले तर कामगार संघटनांची. शिवाजी पेठेतील ती परिचारिका विमानात बसेल तेव्हा तिच्या पिशवीत भाषेचे प्रमाणपत्र असेल, नोकरीचे पत्र असेल. तिच्या मुलीच्या प्रवेशाचा कागदही त्याच पिशवीत असला पाहिजे. तो तेथे नसेल, तर करारावर सह्या करणाऱ्यांना त्याचा जाब विचारला गेला पाहिजे.