मौन सुटते तेव्हा

मुंबईच्या पत्रकार पिंकी विराणी यांनी २००० साली ‘बिटर चॉकलेट’ या पुस्तकात बालपणी स्वतःवर झालेला लैंगिक अत्याचार उघडपणे मांडला. अत्याचारी बहुधा घराच्या विश्वासातला असतो, हे कटू सत्य त्यातून अनेक कुटुंबांपुढे आले. अशा लेखनातून दुसऱ्या पीडितास उमगते, की दोष आपला नव्हता. सावरणे तेथून सुरू होते.

हिवरखेडसारख्या गावी सारेच ओळखीचे. म्हणून अब्रूच्या भीतीने मुलाला गप्प करण्याचा मोह होतो. परंतु २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असून न कळवणे हाही गुन्हा आहे. मूल बोलले तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा. मग पोलिसांना वा १०९८ या क्रमांकावर कळवावे. घराची अब्रू मुलाच्या रक्षणानेच राहते.