सर्व्हेअरचा आकडा हा शेवटचा भाव नव्हे

कापसाचा भाव सांगताना व्यापारी आधी ओलाव्याची काट लावतो, मग कवडीची लावतो आणि मग आकडा सांगतो. मोडलेल्या मोटरसायकलीपुढे उभा राहिलेला विमा कंपनीचा सर्व्हेअर तेच करतो. त्याच्या काटेचे नाव 'घसारा'. बाजारात हुज्जत घालणारा आपला शेतकरी इथे मात्र छापील कागद बघून सही करून मोकळा होतो.

जीपवाल्याने चुकीने धडक दिली तर नुकसान त्याच्या विम्यातून मागता येते. तो कागद दाखवत नसेल तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६० प्रमाणे पोलीस ठाण्यातून किंवा आरटीओतून विमा कोणाचा ते शुल्क भरून कळते. त्यासाठी ठाण्यात नोंद हवी, पंचनामा हवा, गॅरेजचे लेखी अंदाजपत्रक हवे. आपल्या गाडीचा विमा संपला होता म्हणून गप्प बसू नये. त्याचा दंड वेगळा, ही भरपाई वेगळी.

आता घसाऱ्याबद्दल. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापायचे, हा तक्ता गाडीमालक आणि त्याची स्वतःची कंपनी यांच्या करारातला आहे. जीपवाल्याच्या कंपनीशी आम्ही कोणताच करार केलेला नाही. आम्ही नुकसान सोसलेले लोक आहोत. झिजलेल्या टायरच्या जागी नवा आला तर थोडी वजावट रास्त, हे आम्हीही मानतो. सरसकट निम्मे कापणे रास्त नाही. 'तुमचीही निम्मी चूक होती' असे सांगितले तर ते पंचनाम्यातल्या कोणत्या गोष्टीवरून, हे लेखी मागावे. तोंडी चूक पुष्कळदा कागदावर उतरत नाही.

एक ओळ मात्र आधी वाचावी. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा चारचाकीच्या पॉलिसीत बहुधा साडेसात लाख असते, पण हप्ता वाचवायला मालकाने ती ६,००० रुपयांवर आणलेली असू शकते. मग वरचे पैसे त्या मालकाकडूनच मागावे लागतात.

ग्राहक आयोगात जाऊ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण त्या कंपनीचा ग्राहक जीपवाला आहे, आम्ही नव्हे. आमची जागा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, आणि अर्ज आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्याला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. 'साहेब रजेवर आहेत' हे तीनदा ऐकले की अर्ज टाकावा. तडजोड नंतर लोकअदालतीतही होते.

'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या पावतीवर घाईने सही नको. हातापायाला मार असेल तर मुळीच नको. गाडीच्या चार पैशांबरोबर औषधपाण्याचा आणि बुडालेल्या हंगामाचा दावाही त्याच सहीत जाऊ शकतो.

ज्यांचे दावे अडकले आहेत त्यांनी जिल्हा बैठकीला येताना नोंदीची, पंचनाम्याची आणि अंदाजपत्रकाची प्रत आणावी. अपघाताची तारीख वर ठळक लिहावी. ज्यांची मुदत जवळ आली आहे त्यांचे अर्ज आधी लिहू.