कॉमेंट फिकी का?

आपल्या हॉस्टेलवर दर दुसऱ्या लॅपटॉपवर काळी थीम आहे. कीवर्ड जांभळे, फंक्शन पिवळी, स्ट्रिंग नारिंगी. आणि कॉमेंट? काळ्यावर राखाडी! एडिटरच जणू सांगतोय, 'हे वाचू नका, टाइमपास आहे.' मीही अशीच थीम वापरायचो. दिसते भारी, नाकारत नाही.

मग मार्चमध्ये पाण्याचा किस्सा झाला. बागेच्या पंपासाठी सीनियर्सनी केलेला आर्डुइनोचा प्रोजेक्ट आम्ही पुढे चालवायला घेतला होता. पंप बंद करायला कोडमध्ये पिनवर 'हाय' दिलं होतं. आम्ही हुशार! 'उलटं लिहिलंय रे,' म्हणत रात्री दीड वाजता ते सरळ केलं, बोर्डवर चढवलं आणि झोपलो. सकाळी सहाला टाकी कोरडी, बागेत तळं, आणि त्याच दिवशी इंटर्नल. अंघोळ सोडा, तोंड धुवायला पाणी नाही. पंप बंद करायला विसरले म्हणून बिल फाटलं वॉचमन काकांवर.

दुपारी कोड पुन्हा उघडला, तर त्याच ओळीच्या वर लिहिलेलं होतं : 'रिले उलटा चालतो, लो दिलं की चालू. बदलू नये.' बाजारातली बरीच रिले मोड्यूल अशीच असतात, हे आम्हाला नंतर कळलं. कॉमेंट तिथेच होती, तिघांपैकी एकालाही दिसली नव्हती. आधी काकांकडे आणि मग वॉर्डन सरांकडे जाऊन कबुली दिली. पुढचं इथे लिहीत नाही.

आता कोणी म्हणेल, नीट वाचायचं सोडून रंगाला दोष कशाला? अर्धं बरोबर आहे. पण रंग म्हणजे नुसती सजावट नव्हे. विममध्ये १९९८ च्या ५.० आवृत्तीपासून सिंटॅक्सला रंग आले. काळ्या टर्मिनलवर त्याच्या कॉमेंट कधी कधी गडद निळ्या दिसतात, वाचताना डोळे फुटतात. 'सेट बॅकग्राउंड डार्क' म्हटलं की सुधारतात. गंमत म्हणजे कॉमेंटमधल्या 'टूडू' या शब्दाला मात्र विम स्वतःहून पिवळी पाटी देतो. म्हणजे कॉमेंटमध्येही ओरडून सांगण्यासारखं काही असतं, हे एडिटर करणाऱ्यांना ठाऊक होतं.

राखाडीवाल्यांचा खरा मुद्दा वेगळा आहे. ते म्हणतात, कोड बदलतो, कॉमेंट तशीच राहते, मग खोटं बोलते. म्हणून ती मागेच राहू दे. मला हे पटत नाही. ती दिसत नाही म्हणूनच कोणी बदलत नाही! कॉमेंट करून ठेवलेल्या मेलेल्या कोडचंही तेच. राखाडीत पन्नास ओळी खपून जातात, भडक रंगात त्यांची लाज वाटते आणि आपण त्या उडवतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. व्हीएस कोडच्या सेटिंग्जच्या जेसन फाइलमध्ये 'एडिटर डॉट टोकनकलरकस्टमायझेशन्स' लिहायचं, त्यात 'कॉमेंट्स' आणि समोर हवा तो रंग. बाकी थीम जशीच्या तशी राहते. फक्त इटॅलिक करू नका, विशेषतः कॉमेंट मराठीत लिहीत असाल तर. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टमध्ये वेगळं इटॅलिक नसतंच. एडिटर अक्षरं ओढून वाकवतो आणि मात्रा वाऱ्यावर निघाल्यासारख्या दिसतात.

मी हळदीचा पिवळा ठेवलाय. रूममेट म्हणतो, 'लग्नपत्रिका छापतोयस का?' परवा तोच आपल्या कॉटवर पडल्या पडल्या म्हणाला, "अरे, कॉमेंटमध्ये पाचशे लिहिलंयस, खाली डीले पाच हजारांचा आहे. खरं कुठलं?"

खरं पाच हजार होतं. कॉमेंट दुरुस्त केली.